वक्ररेषेला वळण लावणारा अभियंता

लग्नपत्रिकेवरचा गणपती संगणकावर काढायचा असेल, तर सोंडेचा बाक सर्वांत अवघड. डीटीपीच्या दुकानात नवा आलेला मुलगा तो बाक काढताना हमखास चुकतो. पेन्सिल धरल्यासारखा माऊस फिरवत तो जागोजागी टिचक्या मारतो, सोंडेवर तीस-चाळीस बिंदू जमतात आणि सोंड उंदराने कुरतडल्यासारखी दिसते. शेजारी बसलेला जुना ऑपरेटर त्यातले बहुतेक बिंदू पुसून टाकतो, चार-पाचच ठेवतो, प्रत्येक बिंदूतून निघणाऱ्या मिशांसारख्या दांड्या थोड्या इकडेतिकडे ओढतो, आणि सोंड एका झोकात वळते. कोरल ड्रॉमध्ये या हत्याराचे नाव ‘बेझियर टूल’ असे आहे. अडोब इलस्ट्रेटरमध्ये त्याला ‘पेन टूल’ म्हणतात. रोज हे नाव डोळ्यांसमोर असणाऱ्यांपैकी अनेकांना ते एका माणसाचे आडनाव आहे याची कल्पना नसते. फ्रेंच उच्चारानुसार ते आडनाव बेझिए. आणि ज्यांचे ते आडनाव, ते पिएर बेझिए चित्रकार नव्हते की अक्षरकार नव्हते. आयुष्यभर त्यांनी मोटारीच्या कारखान्यात यंत्रांची कामे पाहिली.

पिएर एतिएन बेझिए यांचा जन्म १ सप्टेंबर १९१० रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील अभियंता, आजोबाही अभियंता. घराण्याची ही वाट पिएर यांनीही धरली. पॅरिसच्या ‘आर्ट्स ए मेतिए’ या नामांकित अभियांत्रिकी विद्यालयातून त्यांनी १९३० मध्ये यांत्रिकीची पदवी घेतली आणि लगेच पुढच्या वर्षी विद्युत अभियांत्रिकीची. दोन पदव्या हाती असलेला हा तरुण १९३३ मध्ये रेनॉ कंपनीत दाखल झाला तो टूलसेटर म्हणून, म्हणजे यंत्रांवर हत्यारे बसवून ती जुळवणारा कामगार म्हणून. वर्षभरात तो हत्यारांचे आराखडे करू लागला. तेथून निवृत्त होईपर्यंत, म्हणजे तब्बल ४२ वर्षे, बेझिए यांनी दुसऱ्या कंपनीचे तोंड पाहिले नाही.

मध्ये युद्ध आले. १९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव झाला आणि बेझिए जर्मनांचे युद्धकैदी बनले. कैदेतल्या रिकाम्या दिवसांत ते डोक्यात यंत्रे जुळवत राहिले. इंजिनाचा ठोकळा एका यंत्रावरून उचलून दुसऱ्यावर ठेवण्यात माणसांचे बळ आणि वेळ खर्ची पडतो. त्याऐवजी यंत्रेच रांगेत मांडावीत, ठोकळा आपोआप पुढे सरकावा आणि प्रत्येक थांब्यावर त्याला भोक पडावे, घास बसावी, आटे पडावेत, अशी ती कल्पना होती. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत ज्याला आज ‘ट्रान्सफर लाइन’ म्हणतात, त्याच जातीची ही रचना. युद्ध संपले तेव्हा रेनॉचे रूपही पालटलेले होते. जर्मनांशी सहकार्य केल्याच्या आरोपाखाली अटकेत असताना संस्थापक लुई रेनॉ यांचा १९४४ मध्ये मृत्यू झाला आणि १९४५ च्या जानेवारीत सरकारने कंपनी ताब्यात घेतली. त्याच वर्षी बेझिए हत्यारे-आरेखन विभागाचे प्रमुख झाले. मोडकळीस आलेल्या फ्रान्सला स्वस्त गाडी हवी होती. रेनॉची छोटी ‘४ सीव्ही’ १९४७ पासून रस्त्यावर येऊ लागली आणि १९६१ पर्यंत तिच्या ११ लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. तिचे बहुतेक यांत्रिक भाग बेझिए यांच्या देखरेखीखाली उभ्या राहिलेल्या ट्रान्सफर यंत्रांवर बनत होते. १९५७ मध्ये ते यंत्र-हत्यार विभागाचे संचालक झाले.

एवढ्यावर त्यांची कारकीर्द थांबली असती, तरी फ्रान्सच्या औद्योगिक इतिहासात त्यांना सन्मानाची ओळ मिळाली असती. परंतु कारखान्यातली एक जुनी किरकिर त्यांच्या डोक्यातून जात नव्हती. ही किरकिर समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.

त्या काळी गाडीचा बाह्याकार ठरायचा तो असा. प्रथम कलावंत लहान चित्रे काढत. त्यांवरून मातीच्या किंवा प्लास्टरच्या प्रतिकृती होत, लहान आणि मग खऱ्या मापाच्या. त्या प्रतिकृतीवरून मापे घेऊन आरेखक भल्यामोठ्या फलकांवर खऱ्या आकाराच्या रेषा ओढत; त्यासाठी वाकणाऱ्या लाकडी पट्ट्या, वजने आणि फ्रेंच कर्व्ह. पण आराखड्यात गाडीचे फक्त छेद असतात. दोन छेदांच्या मधला पत्रा नेमका कसा वळावा, हे तेथे लिहिलेलेच नसते. ते ठरवायचा सुतार आणि साचेकारांचा हात. शेवटी उत्तम लाकडाची एक ‘मूळ प्रतिकृती’ तयार होई, आणि तंटा उपस्थित झाला की तीच अंतिम प्रमाण मानली जाई. तिच्यावरून नकलयंत्राने डाय कोरायच्या आणि त्या डायमध्ये पत्रा दाबायचा.

प्रत्येक पायरीवर प्रत्येक जण आपल्या नजरेने थोडीशी दुरुस्ती करी. कलावंताला वाटे, माझी रेषा बिघडवली. आरेखक म्हणे, लाकूडकाम चुकले. साचेकार म्हणे, आराखडाच अपुरा होता. आणि लाकूड तर ऋतुमानाप्रमाणे फुगते, आक्रसते! ज्या वस्तूवर साऱ्या वादाचा निकाल अवलंबून, तीच स्थिर नाही. दरवाजा आणि चौकट जुळेना, की महिने वाया जात. बेझिए यांचे म्हणणे साधे होते. निकाल लाकडाने का द्यावा? आकार आकड्यांत मांडावा. आकडा फुगत नाही, आकडा झिजत नाही, आणि कलावंतापासून डाय कापणाऱ्या यंत्रापर्यंत सर्वांना तो सारखाच मिळतो.

१९६० मध्ये, वयाच्या पन्नाशीला, ते या कामाला लागले. आकड्यांवर चालणारी यंत्रे तेव्हा आलेली होती, पण ती सरळ रेषा आणि वर्तुळाचे तुकडे कापण्यात हुशार. गाडीचा बॉनेट म्हणजे वर्तुळाचा तुकडा नव्हे. त्यासाठी अशी वक्ररेषा हवी होती, जी गणिताच्या पकडीत राहील आणि तरीही कलावंताच्या मनाप्रमाणे वळेल.

बेझिए यांची पहिली युक्ती भूमितीची होती. एक घनाकृती पेटी कल्पावी. तिच्या आत दोन लंबवर्तुळाकार नळकांडी एकमेकांना छेदतात असे मानावे. त्या छेदाची जी कड निघते, ती एक सुरेख वक्ररेषा असते. आता ती पेटी तिरकी करा, लांबवा, चेपा. आतली वक्ररेषाही तिच्याबरोबर तिरकी होईल, लांबेल, चेपली जाईल. म्हणजे वक्ररेषेला हात न लावता पेटी हलवायची आणि वक्ररेषेने निमूट मागून यायचे. या कल्पनेतच पुढच्या सर्व गोष्टींचे बीज होते. पुढे त्यांनी नळकांडी सोडली आणि हेच काम करणारी बहुपदी समीकरणे शोधली. पेटीची जागा काही बिंदू जोडून होणाऱ्या मोडक्या रेषेने घेतली. या गणिताचे जनकत्व ते गमतीने प्राध्यापक ओनेझिम द्युराँ नावाच्या गृहस्थाला देत. असा कोणी प्राध्यापक अस्तित्वातच नव्हता. कारखान्यातल्या यंत्रवाल्याने गणित सांगितले तर कोण ऐकणार, ही खोच त्या थट्टेमागे होती, असे मानायला जागा आहे.

आज पडद्यावर दिसते ती वक्ररेषा चार बिंदूंची. पहिला आणि चौथा बिंदू हे तिचे खुंटे. ती त्यांतून जातेच. मधले दोन बिंदू म्हणजे मिशांची टोके. त्यांना ती शिवत नाही, फक्त त्यांच्याकडे ओढली जाते. सुरुवातीला ती पहिल्या मिशीच्या दिशेने निघते आणि शेवटी दुसऱ्या मिशीच्या दिशेने येऊन टेकते. प्रवासाच्या ऐन मध्यावर दोन्ही खुंट्यांचे वजन प्रत्येकी एक अष्टमांश असते आणि दोन्ही मिशांचे प्रत्येकी तीन अष्टमांश. म्हणून मिशी लांबवली की फुगवटा वाढतो, आखडली की रेषा ताठ होते. चारही बिंदूंना दोरी गुंडाळली तर जी चौकट होईल, तिच्याबाहेर ही रेषा कधीच जात नाही. कलावंताला समीकरण ठाऊक असण्याची गरज नाही. त्याने बिंदू हलवावा आणि परिणाम डोळ्यांनी पाहावा. बेझिए यांचा आग्रह नेमका हाच होता. ही पद्धत गणितज्ञांसाठी नको, कारखान्यातल्या माणसांना वापरता आली पाहिजे.

डीटीपीवाल्यांचे जुने नियमही यातूनच निघतात. दोन तुकडे जेथे जुळतात, तेथे दोन्ही बाजूंच्या मिशा एका सरळ रेषेत हव्यात. नाहीतर तेथे कोपरा येतो. बिंदू वळणाच्या सर्वांत बाहेरच्या जागी ठेवावेत. बिंदू जितके कमी, रेषा तितकी नितळ. अर्थात, अक्षराला किंवा गणपतीच्या सोंडेला जे चालते ते मोटारीला चालत नाही. चकचकीत रंग दिलेल्या दरवाजावर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडले, की केवळ दिशा जुळवलेला सांधा चुगली करतो. प्रतिबिंबाची रेष तेथे मोडलेली दिसते. तेथे बाकाचे प्रमाणही जुळावे लागते. गंमत म्हणजे इतकी गुणी असलेली ही वक्ररेषा अचूक वर्तुळ मात्र काढू शकत नाही. चार तुकडे जोडून पडद्यावर जे वर्तुळ दिसते, ते खरे तर वर्तुळाच्या अगदी जवळ जाणारे सोंग. फरक त्रिज्येच्या ०.०३ टक्क्यांहूनही कमी, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही एवढेच.

रेनॉतील वरिष्ठांना हे सारे लगेच पटले असे नाही. ही पद्धत एवढी उपयोगाची असती तर अमेरिकनांनी ती आधीच शोधली असती, असे उत्तर बेझिए यांना ऐकावे लागले. आपल्याकडच्या कचेऱ्यांतही हे उत्तर अपरिचित नाही. बेझिए यांनी वाद घालण्यापेक्षा लिहायला घेतले. १९६६ ते १९६८ या काळात ‘ओतोमातिस्म’ या फ्रेंच नियतकालिकात त्यांनी आपली पद्धत उलगडून मांडली. १९६८ मध्ये अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेसमोर रेनॉच्या या कामावरचा त्यांचा निबंध आला; ज्या अमेरिकनांचा दाखला देऊन त्यांना गप्प बसवले जात होते, त्यांच्याच दारात. त्याच वर्षी ‘युनिसर्फ’ नावाने ही प्रणाली रेनॉमध्ये उभी राहिली. संगणक रेषा मोजे, एक मोठे आरेखनयंत्र ती खऱ्या मापात कागदावर उतरवी आणि दुसरे यंत्र मऊ फोमच्या ठोकळ्यातून तोच आकार कोरून काढी. कलावंताला आपली कल्पना हाताने चाचपून पाहता येई, आवडली नाही तर आकडे बदलता येत. १९७५ पर्यंत ही प्रणाली कंपनीच्या नित्य वापरात आली. त्याच वर्षी बेझिए निवृत्त झाले.

मात्र या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती पॅरिसमध्येच, रेनॉच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याच्या कार्यालयात घडत होती.

सित्रोएन कंपनीने १९५८ मध्ये पॉल द कास्तेल्झो या तरुण गणितज्ञाला नोकरीवर घेतले. वर्षभरातच, म्हणजे बेझिए कामाला लागण्याआधीच, द कास्तेल्झो यांनी हीच वक्ररेषा दुसऱ्या वाटेने गाठली होती. त्यांची रीत इतकी सोपी की आलेखाच्या कागदावरही करता यावी. चार बिंदू ओळीने जोडावेत, तीन रेषा होतील. प्रत्येकीचा मध्य काढून ते मध्य जोडावेत, दोन रेषा होतील. त्यांचे मध्य जोडावेत, एक रेषा उरेल. तिचा मध्य हा वक्ररेषेवरचा बिंदू, आणि ती रेषा म्हणजे तेथली स्पर्शिका. मध्याऐवजी दुसरे कोणतेही प्रमाण घेतले, की दुसरा बिंदू मिळतो. गुणाकारांची जंत्री नको, समीकरण सोडवणे नको. पण सित्रोएनने हे काम औद्योगिक गुपित म्हणून कुलूपबंद ठेवले. द कास्तेल्झो यांना ते छापण्याची मुभा नव्हती. त्यांचे अहवाल कंपनीच्या कपाटातच राहिले.

रेनॉने मात्र बेझिए यांना लिहू दिले, आणि नाव कोणाचे लागणार ते तेथेच ठरले. १९७० च्या दशकाच्या आरंभी केंब्रिजच्या रॉबिन फॉरेस्ट यांनी दाखवून दिले, की बेझिए यांची समीकरणे वेगळ्या मांडणीत बसवली तर ती रशियन गणितज्ञ सर्गेई बर्नस्टाइन यांनी १९१२ मध्ये एका सिद्धतेसाठी वापरलेल्या बहुपदीच ठरतात. द कास्तेल्झो यांनी नेमक्या त्याच बहुपदी वापरल्या होत्या. ‘बेझिए वक्र’ हे नाव तोवर रूढ होऊन गेले होते. १९७५ च्या सुमारास जर्मन गणितज्ञ वोल्फगांग ब्योम यांच्या हाती सित्रोएनचे जुने अहवाल लागले, तेव्हा कुठे जगाला द कास्तेल्झो यांचे नाव कळले. वक्ररेषेचे नाव बदलणे शक्य नव्हते. तिच्यावरचे बिंदू काढण्याच्या त्या सोप्या रीतीला मात्र त्यांचे नाव मिळाले.

या प्रकरणात बेझिए यांचे वागणे लक्षात ठेवण्याजोगे आहे. गेर्हार्ड नव्हे, गेराल्ड फारिन यांच्या या विषयावरील प्रसिद्ध पाठ्यपुस्तकासाठी त्यांनी आपल्या प्रणालीच्या जन्माची हकीकत लिहिली. तीत सित्रोएनने या कामाकडे आधी लक्ष दिले होते आणि द कास्तेल्झो हे विलक्षण प्रतिभेचे गणितज्ञ होते, हे त्यांनी कोणतीही कुरकुर न करता नोंदवले. प्रथमपणाचा दावा त्यांनी लढवला नाही. ते त्यांच्यासारख्याला शोभूनही दिसले, कारण स्वतःची वाट त्यांनी स्वतःच काढली होती. तरीही अन्याय व्हायचा तो झालाच, आणि त्याचा दोष दोघांपैकी कोणाकडेही जात नाही.

निवृत्तीनंतर बेझिए स्वस्थ बसले नाहीत. पॅरिसच्या ‘कॉन्झर्व्हातुआर नासिओनाल दे आर्ट्स ए मेतिए’ या संस्थेत ते १९६८ पासून उत्पादन अभियांत्रिकी शिकवत होते; ते अध्यापन १९७९ पर्यंत चालले. दरम्यान, १९७७ मध्ये, वयाची पासष्टी ओलांडल्यावर, त्यांनी पॅरिस विद्यापीठातून गणितातली डॉक्टरेट मिळवली. ओनेझिम द्युराँ यांची आता गरज उरली नव्हती.

पुढची कलाटणी अमेरिकेतून आली. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ मध्ये अडोब कंपनी काढली. दोन वर्षांनी आलेल्या त्यांच्या ‘पोस्टस्क्रिप्ट’ या छपाईच्या भाषेने अक्षरांच्या कडा बेझिए वक्रांनी मांडल्या. एकच अक्षर पत्रिकेवर इवलेसे आणि फलकावर हातभर छापले, तरी त्याची कड खडबडीत होत नाही ती यामुळेच. वॉर्नॉक यांच्या पत्नी मार्व्हा या ग्राफिक डिझायनर. कागदावर हाताने चालणारे त्यांचे काम वॉर्नॉक रोज पाहत होते. पोस्टस्क्रिप्टमध्ये चित्र काढायचे तर आज्ञा टाइप कराव्या लागत, आणि चित्रकार काही आज्ञा लिहीत बसणार नाही. १९८७ मध्ये बाजारात आलेल्या इलस्ट्रेटरने त्या आज्ञांच्या जागी एक पेन दिले. बिंदू टेकवा, ओढा, मिशी बाहेर येईल. १९८९ मध्ये कॅनडाहून कोरल ड्रॉ आले, आणि महाराष्ट्रातल्या गल्लीबोळांतल्या पत्रिकांच्या व फलकांच्या दुकानांपर्यंत जाऊन पोहोचले.

देवनागरीलाही त्याचा लाभ झाला. ‘क’ची पोकळी, ‘ळ’ची दोन वेटोळी, ‘ई’चा झोकदार शेव ही वळणे बोरूने सहज येतात, पण ठिपक्यांच्या जुन्या पडद्यावर ती पायऱ्यापायऱ्यांची दिसत. विंडोज २००० बरोबर अनेकांच्या संगणकावर आलेला ‘मंगल’ हा फाँट मुंबईचे अक्षरकार र. कृ. जोशी यांचा. त्यातल्या अक्षरांच्या कडा याच कुळातल्या, चारऐवजी तीन बिंदूंच्या, वक्रांनी बांधलेल्या आहेत.

संगणक आरेखनातील कार्याबद्दल बेझिए यांना १९८५ मध्ये स्टीव्हन कून्स पुरस्कार देण्यात आला. २५ नोव्हेंबर १९९९ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्या सुमारास रेनॉमधले सुमारे दीड हजार कर्मचारी युनिसर्फवर काम करत होते.

त्यांच्या नावाने २००७ पासून आकार-गणितातील कामगिरीसाठी पुरस्कार दिला जाऊ लागला. २०१२ चा ‘बेझिए पुरस्कार’ ८१ वर्षांच्या पॉल द कास्तेल्झो यांना मिळाला. २०२२ मध्ये तेही गेले.